विकलेल्या तेलाचा हिशेब

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या जमिनीत तेलाची एकही विहीर नाही, पण देशात निघणाऱ्या तेलाचा आणि वायूचा मोठा वाटा याच जिल्ह्याच्या किनाऱ्याला लागतो. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर भर समुद्रात ‘मुंबई हाय’ आहे. तिथून समुद्रतळावरून आलेल्या नळवाहिन्या उरणला वर येतात. ओएनजीसीच्या उरण प्रकल्पातून तेल ट्रॉम्बेच्या शुद्धीकरण कारखान्यांकडे जातं. वायूवर उरणचं वीजकेंद्र चालतं, थळच्या कारखान्यात युरिया तयार होतो, आणि त्याच वायूतल्या घटकांवर नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प उभा राहिला. देशी वायूचा एक भाग सीएनजी होऊन कर्जत स्टेशनाबाहेरच्या रिक्षांत भरला जातो. उल्हास नदीचा पूल ओलांडून दहिवलीला येणारा प्रवासी भाडं देतो, त्यातले काही पैसे या समुद्रातल्या वायूचे असतात.

या वायूचा दर कर्जतमध्ये ठरत नाही, उरणमध्येही ठरत नाही. तो दिल्लीत ठरतो. एप्रिल 2023 पासूनच्या सूत्रानुसार ओएनजीसीच्या जुन्या क्षेत्रांतल्या वायूला कच्च्या तेलाच्या किमतीच्या 10 टक्के दर मिळतो, पण त्याला वरची मर्यादा घातलेली आहे. हा तुलनेने स्वस्त वायू घरगुती जोडण्यांना आणि सीएनजीला प्राधान्याने द्यायचा, असं धोरण आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये सीएनजीसाठीचा हा वाटा कमी करण्यात आला. वितरण कंपन्यांना कमी पडलेला वायू महागात घ्यावा लागला आणि पुढच्याच महिन्यात मुंबई परिसरातल्या सीएनजीचा दर वाढला. रिक्षावाल्याला पंपावरचा नवा आकडा दिसला. त्यामागचा निर्णय त्याला कुणी सांगितला नाही.

हे पुस्तक त्या न सांगितलेल्या भागाविषयी आहे. जमिनीखालचं किंवा समुद्राखालचं तेल विकून जो पैसा येतो तो कुणाचा, तो कुठे जातो, आणि पंपावरचा दर कोण, कसा, कशासाठी ठरवतो, हे मराठी वाचकाला सरळ भाषेत कळावं, एवढाच पुढच्या प्रकरणांचा हेतू आहे. त्याआधी विषयाचा आवाका आणि त्यामागची माझी भूमिका इथे मांडतो.

मुंबई हायची गोष्ट आपल्याला अभिमानाने सांगितली जाते आणि ती अभिमानाचीच आहे. 1956 साली ओएनजीसी स्थापन झाली तेव्हा भारतात तेल मिळेल यावर परदेशी कंपन्यांचा भरवसा नव्हता. खंबायतच्या आखातापासून मुंबईपर्यंतच्या समुद्राची भूकंपलहरींनी पाहणी साठच्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने झाली. जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या तरत्या वेधनयंत्राने फेब्रुवारी 1974 मध्ये तेल शोधून काढलं. मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. पुढे बरीच वर्षं एक रुपयाच्या नोटेच्या मागे ‘सागर सम्राट’चं चित्र होतं. ते चित्र छापणाऱ्या सरकारला या शोधाचं मोल पुरतं ठाऊक होतं, कारण 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांतच कच्चं तेल बॅरलला सुमारे 3 डॉलरवरून 12 डॉलरच्या घरात गेलं होतं. देशाची परकीय गंगाजळी त्या खर्चाने आटत होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला देशाच्या गरजेचा जवळपास दोन-तृतीयांश भाग देशी तेलातून भागू लागला, आणि त्यात सर्वांत मोठा हिस्सा मुंबई हायचा होता.

या यशाची किंमत माणसांनीही मोजली आहे. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतरच्या दुसऱ्याच दिवशी ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज मुंबई हाय नॉर्थच्या फलाटावर आदळलं. वायूची वाहिनी फुटली, आग लागली, काही तासांत फलाट समुद्रात गेला आणि 22 माणसं गेली. 3 सप्टेंबर 2019 ला उरणच्या प्रकल्पात आग लागून चौघांचा मृत्यू झाला, त्यात आग विझवायला धावलेले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवानही होते. पंपावरच्या लिटरमध्ये हा खर्च दिसत नाही, म्हणून तो इथे नोंदवून ठेवतो.

आता पैशाकडे वळू. राज्यघटनेच्या अनुच्छेद 297 प्रमाणे समुद्रातली खनिजसंपत्ती केंद्राची आहे. 1976 साली, म्हणजे मुंबई हायचं तेल वाहू लागलं त्याच वर्षी, हे कलम नव्याने लिहून 200 सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रालाही लागू करण्यात आलं. त्यामुळे गुजरात आणि आसामला त्यांच्या जमिनीतल्या तेलाची रॉयल्टी मिळते, बाडमेरमध्ये 2009 पासून तेल निघू लागल्यावर राजस्थानलाही मिळू लागली, पण मुंबई हायची रॉयल्टी महाराष्ट्राच्या तिजोरीत येत नाही. ती केंद्राकडे जाते. यात महाराष्ट्रावर अन्याय झाला असा सूर अनेकदा ऐकू येतो. मला तो पुरता पटत नाही. समुद्र सगळ्या देशाचा आहे, आणि त्याचं तेलही सगळ्या देशाचं असावं यात काही गैर नाही. पण मग सगळ्या देशाला त्याचा हिशेब मिळायला हवा, आणि तो मात्र मिळत नाही.

रॉयल्टीखेरीज कच्च्या तेलावर उपकर आहे. 1974 च्या तेल उद्योग विकास कायद्याने तो बसवला, तोच मुळी तेलशोध आणि तेल उद्योगाच्या विकासासाठी पैसा उभा राहावा म्हणून. 2006 साली हा उपकर टनाला 2,500 रुपये झाला, 2012 मध्ये 4,500 रुपये, आणि 2016 पासून तो किमतीच्या 20 टक्के आहे. कायद्यात ज्या कामाचं नाव आहे त्या कामाकडे यातला अगदी थोडा भाग गेला. बाकीचा केंद्राच्या सर्वसाधारण खर्चात मिसळून गेला. याशिवाय ओएनजीसीचा नफा, त्यावरचा आयकर आणि सरकारला मिळणारा लाभांश आहेच. जुलै 2022 मध्ये कच्च्या तेलावर जादा नफ्याचा कर आला आणि डिसेंबर 2024 मध्ये तो मागे घेण्यात आला. जानेवारी 2018 मध्ये ओएनजीसीने हिंदुस्थान पेट्रोलियममधला सरकारचा 51 टक्के हिस्सा 36,915 कोटी रुपयांना विकत घेतला. त्यासाठी तिला कर्ज काढावं लागलं. सरकारच्या खात्यात ती रक्कम निर्गुंतवणूक म्हणून जमा झाली. समुद्रात नव्या विहिरी खोदण्यासाठी जी कंपनी आहे, तिच्या बळावर त्या वर्षीचा अर्थसंकल्प सावरला गेला.

यात मूळ चूक कुठे आहे, हे कर्जत-खालापूरच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. गेल्या तीसेक वर्षांत इथल्या भातखाचरांची फार्महाऊसं झाली. मुंबई आणि पुण्याच्या मधली जमीन, नदीचा काठ, मागे डोंगर, त्यामुळे गिऱ्हाईक घरी चालत आलं. एकरकमी पैसा हातात पडला. ज्या घरांनी तो हंगामाचं उत्पन्न समजून खर्चला, तिथे थाटाची लग्नं झाली, दारात गाडी आली, आणि दहा वर्षांत त्याच घरातली मुलं आपल्याच जुन्या जमिनीवर राखणदारी करू लागली. ज्यांनी तो भांडवल म्हणून वेगळा ठेवला, आत गावाकडे दुसरी जमीन घेतली, रस्त्याला गाळे काढले, मुलींना शिकवलं, त्यांच्याकडे तो अजून आहे. दोघांना भाव एकच मिळाला होता. फरक पडला तो विकलेल्या वस्तूला काय समजलं यात. तेलही पीक नाही, ती जमीन आहे. एकदा विकलं की पुढच्या वर्षी उगवत नाही. मुंबई हायमधून पन्नास वर्षं तेल निघतं आहे. आज ते उताराला लागलेलं क्षेत्र आहे, पाणी आणि वायू आत दाबून उरलेलं तेल वर काढावं लागतं, आणि देश आपल्या गरजेचं 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. त्या पन्नास वर्षांच्या विक्रीतून उभं राहिलेलं, बोट ठेवून दाखवता येईल असं स्वतंत्र भांडवल आपल्याकडे नाही.

जगात हे काही देशांनी करून दाखवलं आहे. नॉर्वेला 1969 मध्ये एकोफिस्क हे मोठं क्षेत्र सापडलं. त्याच सुमारास फारूक अल-कासिम हे बसऱ्याचे भूशास्त्रज्ञ आजारी मुलाच्या उपचारासाठी ऑस्लोला आले होते. ते काम शोधत उद्योग मंत्रालयात गेले आणि तिथेच त्यांना नेमण्यात आलं. इराकमध्ये परदेशी कंपन्यांशी झालेल्या करारांचा त्यांचा अनुभव नॉर्वेला कामी आला. तेलाची मालकी राज्याची, नियंत्रण करणारी संस्था वेगळी आणि उत्पादन करणारी कंपनी वेगळी, ही घडी सत्तरच्या दशकाच्या आरंभी बसली. 1990 मध्ये निधीचा कायदा झाला, 1996 मध्ये पहिली रक्कम जमा झाली. तेलाचा पैसा या निधीत जातो, परदेशात गुंतवला जातो, आणि अर्थसंकल्पासाठी दरवर्षी साधारण 3 टक्के एवढ्याच अपेक्षित परताव्यावर हात टाकायचा, असा दंडक आहे. लक्षात घेण्यासारखं हे की नॉर्वेत पेट्रोल स्वस्त नाही. तिथे ते युरोपातल्या महाग देशांच्या रांगेत आहे. तेल आपलं म्हणून ते जाळायला स्वस्त द्यावं, असं त्या देशाने कधी मानलं नाही.

उलट बाजूला व्हेनेझुएला आहे. तिथे पेट्रोल जवळपास फुकट होतं. फेब्रुवारी 1989 मध्ये दर वाढवताच कराकसमध्ये दंगली उसळल्या आणि शेकडो माणसं मेली. त्यानंतरच्या सरकारांना दराला हात लावायची धास्ती बसली. 2016 मध्ये जवळपास वीस वर्षांनी दर वाढला, तेव्हा देश दिवाळखोरीच्या वाटेवर होता. नायजेरियाने अनेक दशकं कच्चं तेल विकलं आणि पेट्रोल आयात केलं, कारण सरकारी शुद्धीकरण कारखाने बंद पडले होते. अनुदानाचं पेट्रोल शेजारच्या देशांत चोरून जात होतं. 2023 च्या मे महिन्यात अनुदान एका दिवसात काढलं गेलं आणि दर काही तासांत कित्येक पटींनी वाढले. इराणने डिसेंबर 2010 मध्ये इंधनाचे दर वाढवताना घरटी बँक खात्यात रोख रक्कम जमा केली, म्हणून पहिला टप्पा शांततेत पार पडला. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये रातोरात दरवाढ झाली तेव्हा मात्र रस्ते पेटले. या उदाहरणांवर पुढे स्वतंत्र प्रकरणं आहेत. त्यांतून एक गोष्ट उघड होते: स्वस्त इंधन म्हणजे तेलाच्या संपत्तीची वाटणी नव्हे. ज्याच्याकडे चार गाड्या आहेत त्याला चौपट वाटा मिळतो आणि ज्याच्याकडे सायकल आहे त्याला काहीच मिळत नाही.

आपल्याकडेही हे घडून गेलं. सत्तरच्या दशकात सरकारने दर ठरवण्याची पद्धत आणली आणि सोबत ‘ऑइल पूल’ खातं आलं. एका वस्तूवर जास्त घ्यायचं, दुसरीवर कमी, आणि फरक या खात्यात मिळवायचा. एप्रिल 2002 मध्ये, मुंबईचे राम नाईक पेट्रोलियम मंत्री असताना, ही पद्धत कागदावर संपली. प्रत्यक्षात दर सरकारच धरून ठेवत राहिलं. तेल कंपन्यांना भरपाई म्हणून रोकड देण्याऐवजी एक लाख कोटींहून अधिक रुपयांचे रोखे देण्यात आले. त्यांची फेड 2025-26 पर्यंत लांबली, म्हणजे 2008 मध्ये जळालेल्या डिझेलचे पैसे तेव्हा शाळेत असलेल्या मुलांनी कमावते झाल्यावर भरले. ओएनजीसीलाही सवलतीत तेल द्यावं लागे. 2013-14 या एका वर्षात तिने सुमारे 56 हजार कोटी रुपयांचा भार उचलला. बाजारात शंभर डॉलरच्या वर गेलेल्या बॅरलमागे तिच्या हाती 40 डॉलरच्या आसपास पडत होते.

या स्वस्ताईचा सर्वांत काळा दिवस महाराष्ट्रानेच पाहिला. रेशनचं रॉकेल तेव्हा डिझेलच्या साधारण एक-तृतीयांश दराने मिळत होतं. गरिबाच्या चिमणीसाठी असलेलं हे रॉकेल टँकरमधून डिझेलमध्ये मिसळलं जाई, आणि प्रत्येक लिटरमागचा फरक भेसळ करणाऱ्यांच्या खिशात जाई. 25 जानेवारी 2011 ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडी इथे अशी भेसळ दिसली. ते थांबले, विचारणा केली, आणि त्यांना जिवंत जाळण्यात आलं. दोन दरांमधली ती फट दिल्लीतल्या एका निर्णयाने तयार झाली होती. ती राखण्यात अनेकांचे हितसंबंध गुंतले, आणि आपलं कर्तव्य करणारा एक अधिकारी त्यात गेला. आमच्या भागातल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर त्या काळात रॉकेल किती वेळेवर आणि किती पुरेसं येत होतं, हे ज्यांनी रेशन दुकानाच्या रांगेत उभं राहून पाहिलं, त्यांना अनुदान कुणाच्या नावाने होतं आणि कुणाच्या हाती गेलं हे कळतं.

पेट्रोलचे दर जून 2010 मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. जून 2017 पासून ते रोज बदलू लागले. हा निर्णय योग्य होता असं मी मानतो. पण दर मोकळे झाले आणि कर वाढले, दोन्ही बरोबरच झालं. 2020 च्या एप्रिल-मे महिन्यांत जगात कच्चं तेल मातीमोल झालं होतं. ग्राहकाला त्याचा फायदा झाला नाही, कारण केंद्राने पेट्रोलवर लिटरला 10 आणि डिझेलवर 13 रुपये वाढवले. पेट्रोलवरचं केंद्रीय शुल्क जवळपास 33 रुपयांवर गेलं. त्यातलं राज्यांशी वाटून घ्यायचं मूळ उत्पादन शुल्क होतं 2 रुपये 98 पैसे. बाकीचं विशेष शुल्क आणि उपकर, ज्यात राज्यांचा वाटा नाही. महाराष्ट्र सरकारही मागे नव्हतं. 2015 मध्ये दुष्काळासाठी म्हणून लिटरला 2 रुपये अधिभार लावण्यात आला. दुष्काळ सरला, पण पेट्रोलवरचा अधिभार पुढच्या दोन वर्षांत वाढत गेला. मुंबई, ठाणे, नवी मुंबई या महापालिका क्षेत्रांत व्हॅटचा टक्का उर्वरित राज्यापेक्षा जास्त असे. 1 जुलै 2024 पासून तो एका पातळीवर आणला गेला. केंद्राचं शुल्क धरून होणाऱ्या रकमेवर राज्याचा टक्का लागतो, म्हणजे करावरही कर बसतो.

रोज बदलणारे दरही सोयीप्रमाणे थांबले. 4 नोव्हेंबर 2021 पासून 21 मार्च 2022 पर्यंत, म्हणजे उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका होईपर्यंत, कंपन्यांनी दर हलवला नाही. एप्रिल 2022 नंतर तर दोन वर्षं कंपन्यांचा मूळ दर तसाच राहिला, आणि मार्च 2024 मध्ये लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर तो 2 रुपयांनी उतरला. नियम कागदावर एक आणि व्यवहार दुसरा, हे इंधनाच्या बाबतीत आपण फार काळ चालवून घेतलं आहे.

आषाढात दहिवलीच्या आसपास चिखलणीला पॉवर टिलर उतरतात. शेतकरी पंपावरून कॅनमध्ये पाच लिटर डिझेल आणतो. त्या डिझेलवर रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आहे, आणि 2021 पासून लिटरला 4 रुपयांचा कृषी पायाभूत सुविधा उपकरही आहे. ते डिझेल रस्त्यावर कधी जळत नाही, खाचरातच जळतं, तरी रस्त्याचे पैसे त्याच्याकडून घेतले जातात. शेतीच्या नावाचा उपकर शेतकरीच भरतो, आणि त्यातून आपल्या तालुक्यात काय उभं राहिलं हे त्याला विचारायची जागा नाही. पंपावर मिळणाऱ्या पावतीवर लिटर, दर आणि एकूण रक्कम छापलेली असते. कराचा आकडा नसतो. किराणा दुकानातल्या बिलावर जीएसटी वेगळा दाखवावा लागतो. पेट्रोल आणि डिझेल 2017 पासून जीएसटीच्या बाहेर आहेत, म्हणून इथे ती सक्ती नाही.

इंधनावर कर नको, असं माझं म्हणणं नाही. तेल आयात करणाऱ्या देशात ते फार स्वस्त असू नये. धूर कमी व्हावा, लोकांनी विजेवर चालणाऱ्या लोकलने कर्जतहून कामाला जावं, यासाठीही दराचा उपयोग आहे. करातून रस्ते, शाळा, दवाखाने होतात हेही खरं. पण कर घेणाऱ्याने तो कुठल्या नावाने घेतला आणि कुठल्या कामाला लावला, हे दाखवलं पाहिजे. आणि जे तेल आपण एकदाच विकू शकतो, त्याच्या पैशातला ठरावीक हिस्सा खर्चाच्या वहीबाहेर ठेवला पाहिजे. मुंबई हाय उताराला लागलं म्हणून आता उशीर झाला, असं कुणी म्हणेल. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यात, बाडमेरच्या वाळवंटात आणि पश्चिम किनाऱ्याच्या समुद्रात अजून तेल-वायू निघतो आहे, नवे पट्टे लिलावाला निघत आहेत. उरलेल्याचा हिशेब तरी आजपासून नीट ठेवता येईल.

पुढच्या पानांत आकडे आहेत, कायदे आहेत, आणि ते थोडे किचकटही आहेत. वाचकांनी त्यांना कंटाळू नये ही विनंती. वाचून झाल्यावर दोन गोष्टी कराव्यात. पंपावरच्या पावतीवर केंद्राचा आणि राज्याचा कर वेगळा छापावा, अशी मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे लेखी करावी. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारावं की कच्च्या तेलावरच्या उपकराचा गेल्या पाच वर्षांचा खर्च तो संसदेत मागणार आहे की नाही. उत्तर मिळेपर्यंत हा प्रश्न सोडू नये.

दहिवली, ता. कर्जत, जि. रायगड